आठ पितळी नट

"अजून अर्धा आटा," असं म्हणून मिस्त्री पान्यावर अंगाचा भार टाकायचा. नट केव्हाच घट्ट बसलेला असायचा. तुम्हीही असे कारागीर पाहिले असतील. काम संपतं, पण खुमखुमी संपत नाही.

नव्वदच्या दशकात घनसावंगीला त्याच्या गॅरेजला लागून माझं लेथचं दुकान होतं. तो आटे बिघडवायचा, मी नवे पाडायचो. माझी चूल त्याच्याच अडाणीपणावर पेटायची, तरी चहाच्या टपरीवर मी त्याला भर माणसांत रेडा म्हणायचो. लोक हसायचे. तोही हसायचा, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

गावातल्या डॉक्टरांकडे एक जुनी परदेशी मोटार होती. इंजिन मागे, त्यात पाणी नाही, नुसतं वाऱ्यावर थंड होणारं. त्याचा सायलेन्सर आठ स्टडांवर, म्हणजे आटे पाडलेल्या आठ दांड्यांवर, नटांनी आवळलेला. मिस्त्रीनं दरवर्षी त्यातला एखादा तरी तोडलेला. शेवटी डॉक्टर म्हणाले, "या वेळी तुटला, तर गाडी जालन्याला देईन." डॉक्टरांची गाडी गेली की बाकीची गिऱ्हाइकंही जाणार, हे सगळ्यांना कळत होतं. मी आठ नवे स्टड आणि पितळी नट करून दिले आणि तमाशा पाहायला तिथंच थांबलो.

गाडी नुकतीच फिरून आली होती. मिस्त्रीनं पहिला जुना नट काढला आणि मुठीत धरून गप्पा मारत बसला. मी "बघू" म्हणून तो घेतला आणि बोंबलत खाली टाकला. माझं बोट भाजलं होतं. त्याच्या तळव्यावर तर फोड उठला होता, आणि त्याला पत्ताच नव्हता.

"कवापासून?" मी विचारलं.

"चार सालं झाले. बोटाला काहीच कळून न्हाई राह्यलं, भाऊ. ढिला राह्यला तं? म्हणून जास्तीचा आवळतो." मग हळूच म्हणाला, "डॉक्टरला सांगू नको. मंग गाडी कोण देईल?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी टपरीवर कशाची टवाळी केली होती!

जुने स्टड निघाले, नवे बसले. नट आवळायची वेळ आली तेव्हा मी त्याच्याशेजारी उकिडवा बसलो आणि पान्यावर दोन बोटं ठेवली. नट घट्ट बसला की म्हणायचो, "बस." तो थांबायचा. असं आठ वेळा झालं. डॉक्टर माझ्यावरच खेकसले, "त्याला काम करू द्या की! तुमची लुडबुड कशाला?" मी ऐकून घेतलं.

त्यानंतर भिंतीपलीकडून हाक यायची, "भाऊ, येतो का जरा?" मी शिव्या घालत जायचो.

पुढं मुलीनं त्याला परतूरला नेलं. तिकडंच तो वारला. डॉक्टरांची गाडी आष्टीच्या एका गुरुजींनी घेतली आणि सायलेन्सर बदलायला माझ्याकडं आणली. मी पाना लावला. आठही नट हलक्या हातानं सुटले.

"काय सुरेख काम आहे हो," गुरुजी म्हणाले. "कोणी बसवले होते?"

"आमच्या मिस्त्रीनं," मी म्हणालो. "एकट्यानं."