माणिकरावांनी निवडलेली कुत्री

माणिकराव घाडगे आणि मी एकाच आठवड्यात उज्जैनच्या धान्य गोदामात रुजू झालो. साल १९४९. मी नाशिकहून कारकून म्हणून आलो होतो, ते चौकीदार म्हणून. माझी ती पहिली नोकरी, त्यांची दुसरी. पंचेचाळिशीपर्यंत त्यांनी संस्थानच्या शिकारखान्यात कुत्रे सांभाळले होते. त्यांचे वडील, आजोबाही तेच करत. संस्थान मध्यभारतात विलीन झालं, शिकारखाना बंद पडला, कुत्रे ज्याला हवे त्याने नेले आणि माणसांना जिथे जागा रिकामी होती तिथे लावलं.

माणिकराव पहिल्या दिवशी आले ते एक उंच, सडपातळ शिकारी कुत्रा सोबत घेऊनच. नाव दौलत.

"याला न्यायला कोणी आलंच नाही, तर मी घेऊन आलो," ते म्हणाले.

गोदाम मालधक्क्याजवळ होतं. जमीन मातीची, भिंती दगडी, आणि खाली सगळीकडे घुशींची बिळं. घुशी पोती फोडायच्या, ते एक झालं. पण जमीन पोखरल्यामुळे पोत्यांच्या थप्प्या कलायच्या, हा मोठा धोका होता. पावसाळा संपता संपता एक थप्पी कोसळली आणि बापू हमालाचा पाय मांडीत मोडला. आमचे अधिकारी दिघे यांनी विष घालून पाहिलं. घुशी तशाच राहिल्या, शेजारच्या वस्तीतल्या दोन मांजरी मेल्या. धान्याजवळ पुन्हा विष नको, असं दिघ्यांनी ठरवलं.

तेव्हा माणिकरावांनी मला शिकारखान्यातली एक गोष्ट सांगितली. तिथल्या एका गोऱ्या साहेबाने विलायतेहून ससे आणून बागेत सोडले होते. आपले ससे झुडपात राहतात, ते विलायती ससे जमिनीत बिळं करायचे. त्यांनी बाग पोखरली, तेव्हा साहेबाने फेरेट नावाची जनावरं मागवली. लांबोडकी, मुंगसासारखी. फेरेट बिळात सोडला की ससा बाहेर पळायचा आणि दारात बसलेला कुत्रा त्याला धरायचा.

"इकडे मुंगूस चालेल," माणिकराव म्हणाले. "घूस दिवसा बिळातच असते. मुंगूस आत, कुत्रा बाहेर."

"आणि कुत्रा कुठला?"

"दौलत आहे ना."

नानाखेड्याच्या शेतातून त्यांनी मुंगसाचं एक मादी पिल्लू मिळवलं. त्यांच्या बायकोने, सुलूताईंनी, ते कापसाच्या बोळ्याने दूध पाजून वाढवलं आणि नाव ठेवलं बिजली. सहा महिन्यांनी बिजलीच्या गळ्यात पट्टा आणि बारीक घुंगरू बांधून माणिकरावांनी तिला गोदामात आणलं. ती बिळात शिरली. घुंगराचा आवाज जमिनीखालून लांब गेला, दुसऱ्या तोंडातून एक घूस सुटली आणि दौलतने दोन झेपांत धरली. आम्ही खूश झालो. तेवढ्यात बिळातून बिजलीने डोकं बाहेर काढलं. दौलत वळला, त्याने तिला उचललं आणि झटका दिला. कोणी काही म्हणायच्या आत सगळं संपलं होतं.

माणिकराव तिथेच उकिडवे बसले. मी कुत्र्याला बोललो, तर त्यांनी मला अडवलं.

"त्याची काय गलती? जे हलेल ते पकड, हे मीच त्याला शिकवलं. साहेबाचा कुत्रा बिळाशी कसा बसायचा, ते मी कधी नीट बघितलंच नाही. छोटा, बुटका कुत्रा होता, आम्ही त्याला हसायचो."

दौलतला त्यांनी देवासच्या मेव्हण्याकडे शेतावर पाठवलं. सुलूताई त्यांच्याशी चार दिवस बोलल्या नाहीत.

पुढे रेल्वेचा एक गार्ड देश सोडून चालला होता, त्याचा टेरियर जातीचा कुत्रा माणिकरावांनी आणला. आकाराने अगदी बिळाजोगा. पण तो प्रत्येक बिळाशी भुंकायचा, रिकाम्या बिळाशीसुद्धा, आणि पंज्यांनी माती उकरायचा. असा गोंधळ वर चालू असताना घूस बाहेर येणारच नाही, मुंगूस आत असो की नसो. आठ दिवसांत त्यालाही दुसरं घर बघून दिलं.

त्यानंतर माणिकराव सुट्टीच्या दिवशी बाजारातून नुसते हिंडत. एकदा उज्जैनमधल्याच देवास गेटवर ते मला एका हलवायाच्या दुकानासमोर उभे दिसले. समोर गटाराशी एक काळी गावठी कुत्री बसली होती, कान फाटलेला, अंगाने मध्यम.

"काय बघताय?"

"अर्ध्या घंट्यापासून ती त्या बिळाकडे बघत बसली आहे. मघाशी समोरून मांजर गेली. हिने मान वर केली, जागची उठली नाही."

एवढ्यात गटारातून उंदीर निघाला आणि कुत्रीने तो बसल्या बसल्या टिपला. आवाज नाही, धावपळ नाही.

"गावठी आहे हो," मी म्हणालो.

"मी तीस वर्षं कुत्र्याचे पाय आणि छाती बघत आलो, बाबूसाहेब. या कामाला ते लागत नाही."

तिचं नाव कोयली ठेवलं आणि ती माणिकरावांच्या घरी आली. दुसरं मुंगूस पाळायला मात्र सुलूताई तयार नव्हत्या.

"पुन्हा मारवून घ्यायला वाढवू?" त्यांनी विचारलं.

माणिकराव म्हणाले, "आता तू सांगशील तेव्हाच नेईन. नाही सांगितलंस तर नाही नेणार."

त्या अटीवर चंदी हे दुसरं मुंगूस आलं. आधी चंदी पिंजऱ्यात आणि कोयली बाहेर. मग दोघींचं खाणं शेजारी शेजारी. मग पिंजऱ्याचं दार उघडं. कोयली जरा जास्त टक लावून बघायला लागली की सुलूताई तिचं नाव घ्यायच्या, आणि ती मान फिरवायची. माणिकरावांनी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा सुलूताईंनी नाही म्हटलं. तीन महिन्यांनी एका दुपारी चंदी कोयलीच्या पोटाशी झोपलेली दिसली. त्या संध्याकाळी सुलूताईंनीच सांगितलं, "उद्या न्या."

कोयली गोदामात शिरली ती नाक खाली घालून. पाच बिळं तिने नुसती हुंगून सोडली. सहाव्याशी थांबली आणि पुढचा पाय उचलून धरला. माणिकरावांनी जवळपासची तोंडं दगडांनी बुजवली, कोयलीसमोरचं तेवढं मोकळं ठेवलं आणि मागच्या तोंडातून चंदीला सोडलं. घूस बाहेर आली तशी कोयलीने मानेत धरली, खाली टाकली आणि पुन्हा जागेवर बसली. मग घुंगरू वाजत वर आलं. चंदीचं तोंड कोयलीच्या तोंडासमोर आलं. माणिकरावांचा हात कोयलीच्या पट्ट्यावर होता. कोयलीने चंदीचा वास घेतला आणि मान बाजूला केली.

दुपारपर्यंत अकरा घुशी निघाल्या. होळीपर्यंत गोदामात ताजी माती कुठे दिसेना. बापू लंगडत कामावर परतला, तेव्हा माणिकरावांनी त्याला हात धरून सगळ्या थप्प्यांमधून फिरवून आणलं, मगच त्याने खांद्यावर पोतं घेतलं. पुढची पाच वर्षं त्या गोदामात थप्पी कोसळली नाही.

१९५६ मध्ये मध्यभारत राज्य गेलं, मध्यप्रदेश झाला. फायली भोपाळला निघाल्या, दिघ्यांची बदली झाली. धान्य नव्या सिमेंटच्या गोदामात हलवलं आणि तिथे कोणतंही जनावर आणू नये असा हिंदीत हुकूम आला. माणिकरावांनी तो वाचला, सही केली आणि दोघींना घरी नेलं.

"वाईट वाटलं का?" मी विचारलं.

"वाटलं. पण नवी जमीन पक्की आहे. तिथे काम काय त्यांना?"

जिनिंग फॅक्टरीवाले आणि आसपासचे शेतकरी मात्र त्यांच्याकडे यायला लागले होते. माणिकराव कुत्रा विकत नसत, फक्त निवडून देत. मुंगूस मात्र सुलूताईंनी होकार दिल्याशिवाय कुणाला मिळत नसे.

मीही पुढच्या वर्षी भोपाळला गेलो. १९६१ मध्ये त्यांचं पोस्टकार्ड आलं. निवृत्त झालो, कोयली म्हातारपणाने गेली, तिची एक मुलगी फॅक्टरीत चांगलं काम करते आहे, सौ. बरी आहे, असं लिहिलं होतं. खाली जागा उरली होती तिथे बारीक अक्षरात: तराण्याच्या एका गावठी कुत्रीला चार पिल्लं झाली आहेत म्हणतात, शनिवारी बघायला जातो आहे.