संध्याकाळी काय खायचं?

उसाला पाणी लावून बांधावर बसलो होतो, तेव्हा सांगलीहून फोन आला. मुलींच्या वसतिगृहातली कुणीतरी होती. "मामा, मॅडम..." एवढंच बोलली आणि रडायला लागली. त्या सगळ्या मुलींचा मी मामा, कारण त्यांच्या रेक्टर मॅडम म्हणजे माझी थोरली बहीण, आक्का. दुपारी वर्गावरून आली, छातीत दुखतंय म्हणाली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. उमेदीची सगळी वर्षं फौजेत काढलेला माणूस मी, पण मोटर बंद करायचंही सुचलं नाही. पाणी शेजारच्या रानात गेलं. शेजारी एरवी भांडायला उठला असता, त्या दिवशी त्यानंच येऊन मोटर बंद केली.

आमचं गाव उंब्रज. घरात सगळे देवभोळे. आक्का तेवढी कुठल्या देवळाची पायरी चढायची नाही. सांगलीला कॉलेजात गणित शिकवायची, लग्न केलं नाही. आई वैतागून म्हणायची, "हिला देव न्हाई, नवरा न्हाई, नुसती गणितं." आक्का हसायची आणि आईच्या देवपूजेसाठी परसातली फुलं मात्र स्वतः तोडून आणायची. तिच्या वसतिगृहातही कुणाच्या श्रद्धेची टिंगल झालेली तिला खपायची नाही. परीक्षा आली की कुणी शनिवार धरायची, कुणाच्या कंपासपेटीत अंगाऱ्याची पुडी असायची, कुणी नमाज पढून पेपरला निघायची.

मी एकदा तिला छेडलं, "तू मानत न्हाईस, मग हे सगळं कसं चालतं?" तर मलाच उलटं विचारलं, "बर्फात फौजेची गाडी चढवायच्या आधी तुमी देवीचा जयजयकार करायचा. भीती जायची का रं?"

"न्हाई. पन हात चालायचे."

"मग झालं की."

पेपरच्या दिवशी ती फाटकाजवळ खुर्ची टाकून बसायची. अभ्यास झाला का, असं चुकूनही विचारायची नाही. येणाऱ्या प्रत्येकीला एकच प्रश्न, "संध्याकाळी काय खायचं?" रडकुंडीला आलेल्या मुलींना आधी काही सुचायचंच नाही. मग कुणी पिठलं म्हणायची, कुणी थालीपीठ. ज्याला जास्त मागणी, ते रात्री मेसमध्ये खरंच व्हायचं. "पेपर संपल्यावर संध्याकाळ असतीया, हेच पोरी विसरत्यात," असं तिचं म्हणणं.

तासगावकडची पूनम मला चांगली आठवते. वडिलांची द्राक्षबाग, बेदाण्याचं शेड. पोरगी हुशार, पण पेपर जवळ आला की श्वास अडकायचा, हातपाय गार पडायचे. आक्कानं तिला डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या, जरा बरं वाटू लागलं. आणि शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली असताना पूनम घरी गेली ती परत येईना. फोनवर म्हणाली, "मी बसत न्हाई मॅडम. देवानं न्हाई म्हटलंय." गावच्या देवळात तिनं कौल लावला होता. गुरव देवाच्या अंगावर ओली फुलं चिकटवतो, प्रश्न विचारतो. उजवं फूल पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. पूनमनं विचारलं होतं, मी पास होईन का? डावं पडलं.

आक्कानं मला जीप काढायला लावली. मला वाटलं, आता देवळात भाषण होणार आणि गावाशी भांडण माझ्या गळ्यात येणार. तर बाईसाहेबांनी चपला काढल्या, पूनमला आणि तिच्या वडिलांना घेऊन आत गेल्या आणि गुरवाला म्हणाल्या, "मामा, अजून एक कौल लावा. ही नापास झाली, तरी बापाच्या घरची लेक राहील का, एवढं विचारा."

गुरव गोंधळला. त्यानं फुलं लावली. आम्ही सगळे बघत उभे. फूल काही पडेना... माझं लक्ष पूनमकडे गेलं. ती देवाकडे बघतच नव्हती, बापाकडे बघत होती. बाप बराच वेळ टोपी काढत होता, घालत होता. शेवटी म्हणाला, "आवं मॅडम, ह्यात देवाला काय इचारायचं? लेक हाय ती माझी." मग पोरीकडे वळून, "तू नापास झालीस म्हनून बाग वाळनार हाय व्हय गं?" पूनम तिथंच बसून ढसाढसा रडली. आम्ही निघालो तरी फुलं जागच्या जागीच. गुरवानं कौलाचं काय म्हणून विचारलं. आक्का म्हणाली, "पडतील कवातरी."

पूनम परीक्षेला बसली. एक विषय राहिला, तो पुढच्या वेळी निघाला. पण विषय राहिल्याचा निकाल लागला त्या दिवशी बाप बेदाण्याची पेटी घेऊन वसतिगृहात हजर होता. माझ्या कोटावर पदकं आहेत. पण छाती फुगते ती त्या दिवसाच्या आठवणीनं. अशी बहीण माझ्या वाट्याला आली, हे मी कुणालाही ताठ मानेनं सांगेन.

गेल्या आठवड्यात तिचं सामान आणायला सांगलीला गेलो. नेमका पेपरचा दिवस. फाटकाजवळ तिची खुर्ची तशीच मांडलेली. मुली येत होत्या, खुर्चीच्या हाताला बोट लावून कपाळाला नेत होत्या आणि हळूच म्हणत होत्या, "मॅडम, थालीपीठ." "मॅडम, पिठलं." "थालीपीठ, मॅडम." जन्मभर देव न मानलेल्या माझ्या बहिणीचं पोरींनी हे काय करून ठेवलं होतं. तिनं पाहिलं असतं तर एकेकीला झापलं असतं. मग मात्र विचारलं असतं, हात चालले का?

पुस्तकं, कपाट, सगळं जीपमध्ये भरलं. खुर्ची तेवढी राहू दिली. मग मेसमध्ये गेलो आणि स्वयंपाकाच्या मावशींना सांगितलं, "आज थालीपीठ करा. लय पोरींनी मागितलंय."