मशीनवरचा काळा दोरा

गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी दहाच्या सुमारास, भानुदासचं सिनेमाचं मशीन बावीसशे रुपयांना विकायचं ठरलं. हजर आम्ही चौघे होतो : भानुदासची बायको, त्याचा धाकटा भाऊ सोपान, श्रीगोंद्याहून आलेलं गिऱ्हाईक आणि मी. भानुदासला जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. तो माझा मावसभाऊ. नगरच्या मोटार स्टँडवर एका हमालाशी भांडता भांडता छातीत कळ आली, खाली बसला, तो उठलाच नाही. निरोप घेऊन आलेला माणूस म्हणाला, "भांडणातच गेले." ऐकून मला वाईट वाटलं, नवल वाटलं नाही...

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायची रीत आहे. मला ती पाळता येणार नाही, कारण हे वाचणाऱ्यांत त्याच्या हातचा मार खाल्लेले बरेच निघतील. शाळेत असताना त्याने एका पोराच्या डोक्यात पाटी फोडली होती. पुढे स्वतःच्या लग्नात, वरात अडवली म्हणून, एका गाडीवानाचं मनगट पिरगाळून मोडलं. बायकोला मारायचा, सगळ्या आळीला ते ठाऊक होतं. भाकरी करपली म्हणून त्याने एकदा तापलेला तवा फेकला. वहिनींच्या हातावर तो डाग अजून आहे. मात्र याच हातांनी तो मशीनचा बारीक स्क्रू असा फिरवायचा की बघत राहावं.

गावोगावच्या जत्रांत तंबू ठोकून सिनेमा दाखवायचा, हा दोघा भावांचा धंदा. जुनं मशीन पार झिजलं, तेव्हा तीन मोडक्या मशीनांचे भाग जमवून त्यांनी घरातच एक नवं उभं केलं. जुळणी सोपानची, हुकूम भानुदासचा. काळा रंग दिला, भिंतीवर चित्र पाडून पाहिलं. चित्र स्वच्छ आलं. आणि एकाहत्तरच्या चैत्रात ते घेऊन आम्ही खर्ड्याच्या बाजूच्या एका जत्रेला गेलो. तिकिटांचा हिशेब माझ्याकडे होता. चारशेच्या वर माणूस आत बसलं होतं. मध्ये कनात, एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला बापे.

दिवेलागणीनंतर मशीन सुरू झालं. आवाज खणखणीत. पडदा काळाकुट्ट.

आधी लोक हसले. "रेडिओ लावलाय व्हय रं?" "हिरवीन लाजली जनू!" "आमाला काय आंधळं समजला का?" मग शिट्ट्या, मग ढेकळं. मशीनच्या खोपटात मी बॅटरी धरून उभा होतो. भानुदासने उजेड पाडणाऱ्या कार्बनच्या कांड्या बदलल्या, तारा उपसल्या, मशीनला लाथ घातली. सोपान म्हणाला, "आण्णा, थांब. समदं एकदम उपसू नगं. आवाज येतोय, म्हंजी इंजिन बरं हाय, फिल्म चालती. एकेक बघू."

"काय बघू? जोडलंस तूच!" असं म्हणून भानुदासने त्याच्या डाव्या कानाखाली जी ठेवून दिली, ती मी जन्मात विसरणार नाही. सोपान खोपटाच्या पत्र्यावर जाऊन आदळला. कानातून रक्त मानेवर उतरलं.

तेवढ्यात बाहेर दगड सुरू झाले. दारावरच्या आमच्या गड्याचं कपाळ फुटलं. कुणीतरी तंबूचे दोर विळ्याने कापायला लागलं, एक बाजू खाली आली, बायांच्या बाजूला किंकाळ्या उठल्या. वहिनी तिकडेच होत्या. "पेटवा रं! डिझेल हाय तिथंच!" असं कुणी ओरडलं, तसा भानुदास पहार घेऊन दारात गेला. पहिला आत घुसला त्याच्या दंडावर त्याने ती घातली. हाड मोडल्याचा आवाज सिनेमातल्या गाण्यातूनही मला ऐकू आला. दुसऱ्याने भानुदासच्या खांद्यात दगड मारला, तरी तो हलला नाही.

आत सोपान एका हाताने कान दाबून मशीनपाशी उभा राहिला. भिंगापुढे तळहात धरला : अंधार. मागे, कार्बनच्या पेटीत डोकावला : डोळे दिपतील असा उजेड. "भाऊ," तो मला म्हणाला, "उजेड हितवर येतोय, हितनं म्होरं न्हाई. मधीच कायतरी हाय." मध्ये फिल्मच्या तोंडाशी एक लोखंडी झडप असते. मशीन वेगात आलं की ती आपोआप वर जाते. मंदावलं की पडते, म्हणजे त्या धगीने फिल्म पेटत नाही. ती पडलेलीच होती. सोपानने पाठीमागच्या बाजूने हात घालून झडपेचा दांडा चाचपला, आणि थबकला. मी बॅटरी जवळ नेली. दांड्याला काळा दोरा आवळून बांधलेला होता, त्यात बिब्बा ओवलेला, आणि त्यात दांडा जखडल्याने झडप वर जात नव्हती. काळ्या रंगावर काळा दोरा... कुणाला दिसणार? नव्या मशीनला दृष्ट लागू नये म्हणून वहिनींनी दुपारी येऊन, हाताला लागला त्या दांड्याला तो बांधला होता.

सोपानने माझ्याकडे पाहिलं. दारात पहार घेतलेला थोरला भाऊ, आणि कनातीपलीकडे वहिनी. त्याने दोरा दातांनी तोडला, बिब्ब्यासकट मुठीत दाबला. झडप खटकन वर गेली. पडद्यावर चित्र आलं.

त्यानंतरचं मला अजून खरं वाटत नाही. दगड थांबले. विळा हातात धरलेला माणूस होता तिथेच मांडी घालून बसला. मोडक्या दंडाचा पोरगा कण्हत होता, त्याला "गप रं, दिसू दे," असं कुणीतरी म्हणालं.

भानुदास आत आला. "काय हुतं?"

"झडप मीच उलटी बसवली हुती, आण्णा. माजीच चूक," सोपान म्हणाला. मूठ त्याने उघडली नाही. भानुदासने त्याला एक शिवी दिली. मी बॅटरी विझवली.

कार्बनच्या धगीने तो बिब्बा तापून पाझरला होता. दुसऱ्या दिवशी सोपानच्या तळहातावर हे एवढाले फोड आले. भानुदासने विचारलं, "हाताला काय झालं?" "कार्बननं भाजलं." भानुदासने तो हात आपल्या हातात घेऊन बराच वेळ पाहिला. भाजलेलं कसं दिसतं आणि बिब्बा उतलेला कसा दिसतो, हे त्याला काय कळत नव्हतं? पण हात सोडून तो बाहेर निघून गेला. सोपानचा डावा कान कायमचा गेला. भानुदासने त्याची माफी मागितल्याचं मी कधी ऐकलं नाही. घरातला मार थांबला असंही लिहिणार नाही, कमी झाला. एवढंच पाहिलं की, जेवायला असो की गाडीत असो, तो सोपानच्या उजव्या हाताला बसू लागला.

त्या सोमवारी गिऱ्हाइकाला मशीन चालवून दाखवायचं होतं. सोपानने ते खोलीच्या मध्ये ओढलं, तेव्हा स्टँडच्या पायाला, झडपेपासून चांगलं लांब, काळा दोरा दिसला. बिब्बा फार जुना नव्हता. सोपान कातावला. "वैनी, सांगितलं हुतं ना, पुन्यांदा बांधू नका म्हनून?"

"मी कशाला बांधती? त्या जत्रंपासनं मी मशीनला हात लावला न्हाई," वहिनी म्हणाल्या. "दर शनिवारी तेच बांधायचे. म्हनायचे, तुला गाठ कुठं मारावी कळत न्हाई, सोप्याचा हात जाळलास."

सोपानने उजवा कान पुढे केला. "काय म्हनले?"

वहिनींनी पुन्हा सांगितलं. तो स्टँडपाशी खाली बसला आणि बराच वेळ त्या गाठीकडे बघत राहिला. उजव्या हाताची जागा त्याने सवयीने मोकळी सोडली होती...

"राहू द्या की दोरा, बरा असतो," गिऱ्हाईक म्हणालं.

"मशीन तुमचं. दोरा आमचा," सोपान म्हणाला.

चित्र स्वच्छ आलं. गिऱ्हाइकाने बावीसशे मोजले. वहिनींनी त्यातले अर्धे सोपानपुढे ठेवले, त्याने ते परत सरकवले. पूर्ण रक्कम वहिनींना पोचली. सोपानने फक्त तो दोरा नेला, बिब्ब्याला बोट न लावता, कागदात गुंडाळून.