गव्हाच्या गावची टीम

काका दारात आले की बेल वाजवायचे नाहीत. काचेवर बोटाने टकटक करायचे, मी दार उघडलं की एकदा मागे वळून रस्ता बघून घ्यायचे, आणि मग आवाज खाली आणून म्हणायचे, "आतली बातमी आहे."

मिनेसोटातल्या मिनिॲपोलिसजवळ, ईडन प्रेरीतल्या आमच्या त्या रस्त्यावर चोरून ऐकायला होतं कोण? समोरच्या लॉनवर चरणारी दोन लठ्ठ रानबदकं आणि कानात हेडफोन घातलेला पोस्टमन. पण काका कुणाचा भरवसा धरत नसत. बातमी साधारण अशी असायची: त्यांच्या जुन्या युनिव्हर्सिटीच्या प्रेसिडेंटचं छोटं विमान काल शिकागोच्या बाजूला उतरलं. इंटरनेटवरच्या फोरमवर कुणीतरी पाहिलंय. "आता शिकागोच्या बाजूला काय आहे? मोठ्या कॉन्फरन्सचं ऑफिस. म्हणजे बोलणी चालू आहेत."

पुढच्या आठवड्यात कळायचं की प्रेसिडेंट भाचीच्या लग्नाला गेले होते. काका खट्टू व्हायचे नाहीत. "अरे, लग्नातच तर बोलणी होतात," म्हणायचे.

असे रिटायर्ड काका तुम्हीही पाहिले असतील. मंडळाच्या गणपतीत पिवळं जॅकेट घालून पार्किंग सांभाळणारे, दुकानात चीजच्या फुकट तुकड्यासाठी दोनदा रांगेत उभे राहणारे, आमच्यासारख्या व्हिसावाल्यांना 'आमच्या वेळी' म्हणून सुरुवात करणारे. आमचे काका त्यातलेच. मूळचे सांगलीचे, पुलांचे इंजिनिअर. त्यांना जाऊन आता दुसरा हिवाळा चालू आहे, आणि माझ्या काचेवर टकटक करायला कुणी येत नाही.

पहिल्या भेटीतच मी माती खाल्ली होती. तलावाभोवतीच्या वाटेवर ते माझ्या बरोबरीने चालायला लागले, गाव विचारलं, पुणे म्हटल्यावर कुठलाही शेरा न मारण्याचा मोठेपणा दाखवला, आणि एकदम म्हणाले, "आमची कॉन्फरन्स मोडली रे."

मी धीर देत म्हणालो, "मग ऑनलाइन ठेवतील, काका. नाहीतरी जेवण सोडलं तर त्यात असतं काय?"

डॉक्टर वाईट एक्स-रेकडे बघतात तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग तलावाची एक पूर्ण फेरी होईपर्यंत मला शिकवलं. इथल्या युनिव्हर्सिट्यांच्या फुटबॉल टीमा असतात. आसपासच्या राज्यांतल्या दहा-बारा जणी मिळून एक कॉन्फरन्स. दर शरदात एकमेकींशी खेळायचं, एकमेकींना हरवायचं, पुढच्या वर्षी पुन्हा यायचं. मग टीव्हीवाल्यांचा पैसा आला. "थोरले म्हणाले आम्हाला जास्त मिळतंय, आम्ही निघालो. मग मधले निघाले. तिकडे पश्चिमेला शेवटी घरात दोनच भावंडं उरली. त्यातलं एक आमचं."

"मग आता?"

"आता मोठ्या कॉन्फरन्सला अजून कुणी घ्यायचं असेल, तर आमचं बघतील. स्थळ तसं चांगलं आहे. घराणं जुनं, अभ्यासात हुशार. एकच आहे, टीव्ही बघणारी वस्ती कमी. चहूकडे गव्हाच्या टेकड्या."

हे स्थळाचं प्रकरण मग वर्षानुवर्षं चाललं. पत्रिका मागवलीय, पण थोरल्याचं होईपर्यंत थांबा म्हणतायत. नकार नाही, पण होकारही नाही. एकदा काकू चहा ओतता ओतता म्हणाल्या, "अहो, मुलगी असल्यासारखं काय बोलता सारखं? मुलगा म्हणा. मुलंही बसतातच की बिनलग्नाची." आणि माझ्याकडे बघून थांबल्या. मी तेव्हा चौतिशीचा होतो.

मी हे सगळं रिटायरमेंटचं खूळ समजत होतो. बायकोमुलं नसलेल्या माणसाला दुसऱ्याचं खूळ फार लवकर ओळखू येतं. पण एका बर्फाच्या सकाळी काकांची गाडी सुरू होईना, म्हणून काकूंना मी डायलिसिसला सोडलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, चुकवायचं नाही. सिग्नलला थांबलो असताना मी सहज म्हणालो, "काकू, काकांना फुटबॉलचं फारच वेड."

"त्यांना?" काकू म्हणाल्या. "त्यांना कुठलं? वेड मला आहे."

मग त्यांनी सांगितलं. लग्न होऊन अकोल्याहून आल्या, त्या थेट त्या गव्हाच्या गावात. विवाहित विद्यार्थ्यांची क्वार्टर्स, दोन खोल्या, एक हीटर. इंग्रजी येत नव्हतं. काका लॅबमध्ये, काकू खिडकीत. "शेजारीण काहीतरी विचारायची, मी हसायची. दिवसभर हसून हसून गाल दुखायचे. मग एका शनिवारी हे मॅचला घेऊन गेले, विद्यार्थ्याच्या बायकोला तिकीट स्वस्त होतं म्हणून. तिथं सगळं गाव ओरडत होतं. मीही ओरडले. वऱ्हाडीत. बाजूच्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही रे. घर सोडल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं बोलले मी."

नोकरीसाठी मिनेसोटात आल्यावरही दर एक-दोन वर्षांनी दोघं विमानाने मॅचला जात. मग काकूंच्या किडन्या गेल्या आणि जाणं थांबलं. "आता मशीनला बांधलेली आहे. ती टीम इथं आली तरच बघायला मिळायची."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमची मिनिॲपोलिसची युनिव्हर्सिटी त्याच मोठ्या कॉन्फरन्समध्ये होती. काकूंच्या टीमला त्यांनी घेतलं, की ती कधी ना कधी इथे खेळायला येणार. घरापासून स्टेडियम अर्ध्या तासावर, आणि शनिवार मशीनचा नाही. काका ज्या विमानांवर नजर ठेवून होते, त्यांचा हिशोब एवढाच होता. त्यानंतर काचेवर टकटक झाली की मी लॅपटॉप मिटून जायला लागलो.

आता माझी दुसरी माती. उन्हाळ्यात मिनिॲपोलिसच्या टीमचं नवं वेळापत्रक आलं. त्यात मला त्या पश्चिमेकडच्या राज्याचं नाव ठळक अक्षरात दिसलं. काकांना सरप्राइज द्यावं म्हणून एकाही माणसाला न विचारता मी तीन तिकिटं काढली, एक व्हीलचेअरच्या जागेचं, आणि त्यांच्याकडे भरीत-भाकरीच्या जेवणाला गेलो तेव्हा छापून पाकिटातून दिली.

काकांनी चष्मा लावला. वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. मग कागद काकूंकडे सरकवला. काकूंनी वाचलं आणि त्या हसायला लागल्या, त्या थांबेचनात.

"अहो, यानं दुश्मनाची तिकिटं आणली."

"दुश्मन कसे?" मी म्हणालो. "राज्य तेच आहे ना?"

"राज्य तेच आहे म्हणून तर," काका म्हणाले.

त्या राज्यात दोन युनिव्हर्सिट्या होत्या. एक काकूंची, गव्हातली. दुसरी समुद्राजवळच्या मोठ्या शहरातली, श्रीमंत, जांभळ्या जर्सीची. शंभर वर्षांची खुन्नस. आणि घर फोडून मोठ्या कॉन्फरन्समध्ये निघून गेली ती हीच. मी पाहुण्यांना जेवायला बोलावून शेजारच्या वैऱ्याच्या पंगतीत बसवलं होतं.

"परत करतो," मी म्हणालो.

"परत कशाला?" काकूंनी डोळे पुसले. "शिव्या द्यायला तरी जाऊ."

मॅचच्या शनिवारी काका डोक्यावर गव्हाच्या गावची गडद लाल टोपी घालून आले. सगळ्या स्टेडियममध्ये तेवढी एकच असावी. व्हीलचेअरच्या रांगेत शेजारी एक गोरं जोडपं बसलं होतं, काकांच्याच वयाचं, नखशिखांत जांभळं. आजोबांनी टोपीकडे पाहिलं.

"रस्ता चुकलात वाटतं. तुमची टीम गव्हात असते."

"आम्ही नाही चुकलो," काका म्हणाले. "घरचे शेजारी सोडून दोन हजार मैलांवर शेजारी शोधायला तुम्ही आलात."

झालं. पुढचा तासभर त्या दोघांनी मैदानाकडे पाहिलंच नाही. कुठल्याशा जुन्या वर्षी बर्फात झालेली मॅच, त्यात अंपायरने कुणाला फसवलं, कुणाच्या गावात हॉटेल मिळत नाही, कुणाच्या गावात पाऊस थांबत नाही. मी काकांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. प्रेम करायला त्यांच्याकडे टीम होती. भांडायला माणूस नव्हता, तो आज मिळाला.

इकडे काकू मात्र त्या आजींच्या हाताकडे बघत होत्या. आजींच्या हातात कागदी कप होता आणि त्यात नुसता बर्फ. त्या एकेक खडा तोंडात धरत होत्या. काकूंनी आपल्या पिशवीतला थर्मास उघडून दाखवला. त्यातही बर्फच. डायलिसिसवाल्यांना पाणी मोजून, म्हणून तहान लागली की बर्फ चघळतात.

"तुम्हीही?" आजी म्हणाल्या.

"तुम्ही इतक्या लांब कशा आलात मग?" काकूंनी विचारलं.

"काल इथेच केलं डायलिसिस. खुर्ची बुक केली होती. आपल्या सेंटरला आधी सांगायचं, ते जिथं जायचं तिथलं सेंटर बघून देतात. मी तर टीमच्या मागे सगळीकडे जाते."

काकांचं भांडण मधेच थांबलं. आमच्यात दोन इंजिनिअर होते, त्यातल्या एकाच्या, म्हणजे माझ्या, व्हिजिटिंग कार्डावर 'सोल्युशन आर्किटेक्ट' लिहिलेलं आहे, आणि हे एक सोल्युशन इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. काकू म्हणाल्या, "नर्सनं एकदा दिलं होतं काहीतरी पत्रक. मला वाटलं, फ्लोरिडात सुट्टीला जाणाऱ्यांसाठी असतं."

परतताना गाडीत काकांनी लाल टोपी काढून मांडीवर ठेवली. हायवेवरून उतरल्यावर म्हणाले, "टीम काही येत नाही इथं." हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. मग म्हणाले, "आपणच जाऊ."

"विमान नको हं," मागून काकू म्हणाल्या. "माझे पाय सुजतात."

"गाडीनं. याला ड्राइव्ह करता येतं."

याला म्हणजे मला.

पुढच्या शरदात गेलो. बुधवारचं डायलिसिस नेहमीच्या सेंटरमध्ये, शुक्रवारचं मोंटानातल्या एका छोट्या गावात. नॉर्थ डकोटात मी गाडीतलं पेट्रोल जवळजवळ संपवलं होतं, पण त्याचं साग्रसंगीत वर्णन काकू (काका गेल्यापासून त्या लेकीकडे राहतात) घरी येणाऱ्या प्रत्येक माणसाला करतात, म्हणून इथे नको. मोंटानाच्या सेंटरमध्ये काकू आत मशीनवर असताना बाहेर काकांनी रिसेप्शनवरच्या मुलीला कॉन्फरन्स कशी फुटली ते पहिल्यापासून सांगितलं. आम्ही निघताना ती म्हणाली, "फारच वाईट झालं हो." काकांना तेवढ्याने बरं वाटलं.

शनिवारी संध्याकाळी आम्ही त्या स्टेडियममध्ये पोचलो. चहूकडे कापणी झालेल्या पिवळ्या टेकड्या. ज्या बाकांवर हे दोघं एका ब्लँकेटमध्ये बसायचे, तिथे देणगीदारांसाठी काचेच्या खोल्या झाल्या होत्या. प्रेक्षक होते, पण ठिकठिकाणी बाकं रिकामी. समोरची टीम इतक्या लांबून आणलेली, की तिचं नाव काकांनाही फोनवर शोधावं लागलं.

आणि काकू गप्प. पहिला अर्धा खेळ संपला तरी गप्प. शाल घट्ट ओढून मैदानाकडे बघत बसलेल्या.

"थंडी वाजते का?" काका विचारत.

"नाही."

"दमलीस का?"

"नाही म्हटलं ना."

काका माझ्याकडे बघायचे आणि मी दुसरीकडे. तीन दिवस गाडीत बसवून आणलं आणि यायला उशीर झाला की काय, असं दोघांच्याही मनात होतं, आणि दोघांनाही ते बोलायचं नव्हतं.

अस्वस्थ झालो की मी फोन काढतो. काढला, आणि समोर तीच बातमी. मोठी कॉन्फरन्स अजून दोघांना घेण्याच्या विचारात, आणि त्यात गव्हाच्या गावचं नाव. फोरमवरचा कुणी हौशी नव्हे, चांगला नावाजलेला पत्रकार लिहीत होता. (तीही पुढे बाकीच्यांसारखी विरून गेली, पण त्या क्षणी ते कुणाला ठाऊक.) काका ज्यासाठी इतकी वर्षं विमानं मोजत होते ते माझ्या हातात होतं. मी फोन त्यांच्यापुढे धरला. "काका, हे बघा."

त्याच वेळी मैदानात शिट्टी झाली. आमच्या पोराने रेषेच्या आत झेललेला चेंडू अंपायरने बाहेर दिला.

काकू उठल्या. कठडा धरून, व्हीलचेअर मागे ढकलून, उभ्या.

"अबे आंधया हायेस काय बे? पाय आत व्हता ना त्याचा! दिसत नाई काय तुले?"

मागची पोरं आधीच ओरडत होती. त्यांच्या ओरडण्यात हे मिसळून गेलं. काकू थांबल्या नाहीत. अंपायरच्या डोळ्यांपासून त्याच्या खानदानापर्यंत गेल्या, आणि प्रत्येक शब्दागणिक कठड्यावरून पुढे झुकत होत्या.

"काका, बातमी," मी पुन्हा म्हणालो.

"ठेव तो खिशात," काका म्हणाले. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलंही नाही. ते काकूंच्या मागे जाऊन उभे राहिले आणि त्या पुढे पडू नयेत म्हणून त्यांचा कोट पाठीमागून दोन्ही हातांनी गच्च धरला. तिथून त्यांना मैदान अजिबात दिसत नव्हतं. मॅच संपेपर्यंत ते तसेच उभे होते.