रिकाम्या गाडीचं नाक

पिकअप फाटकातून आत आली की अप्पा गाडीकडे बघत नसत, मुलीच्या उतरण्याकडे बघत. दार उघडायचं. मग थोडा वेळ काहीच नाही. मग एक पाय खाली यायचा, दोन्ही हात दाराच्या कडेला घट्ट, आणि ती तशीच वाकून उभी राहायची, खाली पडलेलं काहीतरी शोधत असल्यासारखी.

"काही नाही अप्पा, पायाला मुंग्या आल्यात."

मुंग्या रोजच्या होत्या. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, मणक्यातली गादी सरकली आहे, गाडी चालवणं सोडा. ती हसली होती म्हणे. गाडी सोडायची म्हणजे नर्सरीही सोडायची. कुंड्या काही आपल्या पायांनी गिऱ्हाइकाच्या दारात जात नाहीत. सगळी गल्ली तिला पिकअपताई म्हणायची. तिचं खरं नाव तिच्या आईशिवाय कोणाच्या तोंडी उरलं नव्हतं. फर्निचरवाल्याचा पिकअपवर कधीचा डोळा होता. रविवारी येऊन बघून जा, असं तिनं त्याला सांगूनही टाकलं.

"मग करशील काय?" आईनं विचारलं.

"बसेन कुठल्यातरी दुकानात गल्ल्यावर. बसायलासुद्धा कंबर लागतेच म्हणा."

ती आंघोळीला गेल्यावर अप्पा अंगणात आले आणि पिकअपच्या सीटवर चढून बसले. नुसते बसले, स्टिअरिंगला हात न लावता. जरा वेळानं त्यांच्या लक्षात आलं की आपण पाय रेटून बसलोय. सीट त्यांना हळूहळू पुढं ढकलत होती. गाडीचं नाक खाली होतं. मागचे स्प्रिंगचे पाटे ताठ, कारण त्यांना ओझं पेलायचं. पुढच्या स्प्रिंगा मऊ, आणि आता म्हाताऱ्याही. कुंड्यांनी भरली की मागची बाजू खाली बसायची आणि गाडी सरळ दिसायची. रिकामी झाली की मागचं वर, पुढचं खाली. सकाळी ताठ मानेनं गेलेली गाडी संध्याकाळी मान घालून परत यायची, कारखान्यातून सुटलेल्या पाळीसारखी. आणि ती अख्खी परतीची वाट मुलगी पायांनी ब्रेक आणि कमरेनं स्वतःला धरून काढायची.

"उशी ठेव म्हणावं," आई खिडकीतून म्हणाली.

"ठेवली होती. उशीही घसरते."

त्या मॉडेलच्या नव्या स्प्रिंगा आता येत नाहीत, असं दुकानदार म्हणाला. अप्पांना ते ऐकून बरंच वाटलं. जे मिळत नाही ते करावं लागतं, आणि करणं त्यांना येत होतं. ते टर्नर, लेथ यंत्रावर धातू कातणारे. कारखान्यात लेथपुढं उभं राहून त्यांचे गुडघे झिजले होते, निवृत्तीनंतर डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कारखान्यानं भंगारात काढलेला लेथ होता. त्याच्याकडे हल्ली आठवड्यात एखादंच काम यायचं. बाकी वेळ ते घराला पॅकिंग द्यायचे. घरातली एकही वस्तू आपल्या पायांवर उभी नव्हती. कपाटाखाली पत्रा, पलंगाखाली चकती, आईच्या शिलाई मशीनखाली रबराचा तुकडा. आल्यागेल्याला आई सांगायची, "आमच्या संसारालासुद्धा यांनी कुठंतरी पॅकिंग दिलेलं आहे. दाखवत नाहीत एवढंच."

आता गाडीला पॅकिंग द्यायचं होतं. पुढच्या प्रत्येक शॉकपच्या, म्हणजे स्प्रिंग बसवलेल्या दांड्याच्या, डोक्यावर, तो जिथं बॉडीला बोल्टांनी धरलेला असतो तिथं, मधे एक जाड चकती बसवायची. शॉकप तेवढा खाली जाईल, नाक तेवढं वर येईल. अप्पांनी चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत पुढचं आणि मागचं अंतर मोजलं. पुढचं दोन बोटं कमी भरलं.

अॅल्युमिनियमच्या गोल गजातून त्यांनी तुकडे कापले आणि लेथ सुरू केला. चकाकती साल निघू लागली, तशी आई हातातलं ब्लाउज खाली ठेवून आली. व्हर्निअर मोजपट्टीवरच्या बारीक रेघा अप्पांना आताशा दिसत नसत. आईला दिसत. ती सुईत दोरा ओवणारी बाई.

"बोल."

"बोलते, जरा धीर धरा. मोठी रेघ ओलांडली. पुढं बारक्या... तीन. नाही, चार."

"तीन की चार? गाडी आहे, बाही नाही."

"बाही असती तर मी आत्ताच सांगितलं असतं. चार!"

दोन चकत्या तयार झाल्या, तीन-तीन भोकांच्या, बरोबर दोन बोटं जाडीच्या. अप्पांनी त्या गालाला लावून बघितल्या. गार आणि गुळगुळीत. कोपऱ्यावरच्या गॅरेजच्या मिस्त्रीनं गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली, शॉकप खाली सोडले, चकत्या घातल्या, लांब बोल्ट आवळले. तो कमी बोलणारा माणूस. दिलं ते बसवायचं, मागितलं तेवढंच घ्यायचं.

गाडी चाकांवर उतरली आणि नाक वर गेलं. वर गेलं ते जातच राहिलं. पुढची चाकं खालून फेंगडी दिसायला लागली.

गाडी घेऊन आलेली मुलगी कमरेवर हात ठेवून बघत होती. "अप्पा, झाडं द्यायला कुठं जायचंय मला? चंद्रावर?"

अप्पांनी मिस्त्रीकडे बघितलं.

"मला वाटलं तुम्हाला अशीच हवी," मिस्त्री म्हणाला. "हल्ली पोरं करून घेतात. शायनिंगसाठी."

हसू आलं नाही ते फक्त अप्पांना. माप चुकलं नव्हतं. आईनं वाचलेलं बरोबर होतं, हातानं कापलेलं बरोबर होतं, आणि नाक होतं त्यापेक्षा चार बोटं वर गेलं होतं. आयुष्यभर त्यांनी जिथं जेवढी फट तिथं तेवढं पॅकिंग दिलं होतं आणि ते कधी चुकलं नव्हतं. गाडी परत घरी आली, ती हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर टाकत. रविवार तीन दिवसांवर आला होता.

सकाळी ते अंथरुणातच पडून होते. आईनं बाहेर जाताना खोलीचं दार बिजागरीजवळच्या कडेला धरून ओढलं, घाईत असली की ओढायची तसं. हात जरासाच हलला, आणि दाराची दुसरी कड धाडकन येऊन चौकटीवर आदळली.

अप्पा उठून बसले. "परत कर."

"काय परत कर?"

"दार. तसंच ओढ."

"डोळ्यांचं सांगितलं होतं डॉक्टरांनी, डोक्याचं नव्हतं," आई म्हणाली, पण तिनं ओढलं.

त्यांनी पोतं अंथरलं, गुडघे धरत गाडीखाली शिरले आणि टॉर्च लावला. शॉकपचं खालचं टोक चाकावर नव्हतंच. ते खालच्या आर्मच्या, म्हणजे दारासारख्या बिजागरीवर हलणाऱ्या आडव्या दांड्याच्या, मध्यावर टेकलेलं होतं, आणि चाक आर्मच्या टोकाला. मध्यावर एक बोट, की टोकाला दोन. लेथखाली किंवा कपाटाखाली असा आर्म नसतो. तिथं पाय असतो, आणि पायाखाली जमीन. गाडीखाली पडल्यापडल्या त्यांनी डोळे मिटले. थकवा होता तसाच होता, पण चूक कुठं होती ते आता कळलं होतं.

चकत्या परत काढून आणल्या. निम्म्या कापायच्या, एवढंच. पण लेथ सुरू करायच्या आधी त्यांच्या मनात दुसरीच शंका आली. रिकामी सरळ केली तर भरल्यावर नाक वर जाईल. ते घरात आले. मुलगी जमिनीवर पाठ टेकून, पाय खुर्चीवर ठेवून पडली होती.

"ऐक गं. गाडी सरळ कधी हवी तुला? भरलेली असताना, की रिकामी असताना?"

तिनं छताकडे बघतच उत्तर दिलं. विचार करायला वेळ घेतला नाही. "रिकामी असताना. भरलेली असते तेव्हा मी दमलेली नसते, अप्पा."

ते शेडकडे वळले. कारखान्यातून घरी येण्याची इतक्या वर्षांची वाट त्यांना आठवली. त्या वाटेबद्दल त्यांना कधी कोणी विचारलं नव्हतं, आणि आज पहिल्यांदा त्यांनी कोणाला तरी विचारलं होतं.

चकत्या निम्म्याहून किंचित पातळ झाल्या, कुंड्यांच्या वजनासाठी नाक थोडंसं खाली राहू द्यावं म्हणून. आईनं रेघा वाचल्या, या वेळी न भांडता. मिस्त्रीनं बसवल्या, मग गाडी नेऊन चाकांची अलाइनमेंट करून घेतली, हेडलाइटही खाली वळवून घेतले.

"आता शायनिंग नाही," मिस्त्री म्हणाला.

"आता घरी यायचंय," अप्पा म्हणाले.

शनिवारी ती कुंड्या भरून गेली. अप्पा दुपारभर शेडमध्ये बसून होते. लेथ बंद. ऊन कलल्यावर फाटक वाजलं, पिकअप आत आली, इंजिन थांबलं.

दार उघडलं नाही.

अप्पा वाट बघत राहिले. नेहमीच्या थांबण्यापेक्षा हे जास्तच लांबलं. एकही पाय खाली आला नाही. गुडघ्यांची पर्वा न करता ते अंगण ओलांडून गेले, काचेला डोळे लावले, आणि अंधुक दिसतंय म्हणून आणखी जवळ गेले.

मुलगी झोपली होती. डोकं मागं टेकलेलं, तोंड थोडं उघडं, दोन्ही पाय सैल सोडलेले. पुढं घसरत नव्हती. सीटनं तिला धरून ठेवलं होतं.

आई मागून आली. "अगंबाई, उठवा तिला, चहा गार होतोय."

"होऊ दे."

"आणि उद्या फर्निचरवाला येणार आहे, त्याचं काय?"

अप्पांनी फाटकाकडे बघितलं, मग पिकअपच्या सरळ नाकाकडे.

"त्याला सांग, गाडी बघायची तर नुसती बघ. पण आत माणूस झोपलंय, आवाज करू नको."