ओठावर फोड आणि बाळाची पापी

मंडळी, राग अजून उतरलेला नाही. आज इथे आखातात, मुलाच्या अल बर्शातल्या घरी नातीचं बारसं झालं. मुलाच्या ऑफिसातल्या एक बाई आल्या. ओठावर पाण्याचे फोड, तरी थेट पापी घ्यायला वाकल्या! मी पाळण्यावर हात आडवा धरला.

"काका, साधा ताप फुटलाय. यू आर टू मच!"

"मग लांबून कानशिलावर बोटं मोडा. मी कमी शिकलोय, पण नातीच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं मला कळतं. हा फोड एवढ्याशा बाळाच्या जिवावर बेतू शकतो."

बाई न जेवता निघाल्या. मुलगा लिफ्टपर्यंत त्यांची माफी मागत गेला.

उद्या नातीच्या अंगावर फोड उठले असते, तर तिची माफी कोण मागणार होतं?