नदीची एकादशी

मांद्र्याहून एक गेस्टहाऊसवाला आला आणि आमची होडी मागून बसला. मासे मारायला मागत असता तर मी गप्प राहिले असते. याला ती अंगणात ठेवायची होती, तिच्यात माती भरून फुलझाडं लावायची होती. पाहुण्यांना फोटो काढायला बरं पडतं, म्हणाला. मी आत चपात्या लाटत होते. माझा राग नाकाच्या शेंड्यावरच असतो, तशीच लाटणं घेऊन बाहेर आले.

"होडीत फुलझाडं? उद्या आमच्या म्हशीवर जाईचा वेल चढवाल!"

नवरा फस्सकन हसला. सासऱ्यांनी मान वर केली नाही. गेस्टहाऊसवाला भला माणूस, त्यालाही हसू आलं. रविवारी टेम्पो घेऊन येतो, तोवर ठरवा, असं सांगून तो गेला.

आमचं घर चोपड्याला, नदीच्या बांधाला लागून. सासऱ्यांनी पन्नास वर्षं त्या होडीवर काढली. आता त्यांचे गुडघे गेले, एका डोळ्यात मोतीबिंदू. नवरा टूरिस्ट टॅक्सी चालवतो. डोंगरातली वळणं डोळे मिटून घेईल, पण होडीत बसला की त्याला ओकारी येते. मग राहिलं कोण? मी. माझं माहेर सिंधुदुर्गात, नदीपासून लांब. पोहायला शिकले ती विहिरीत. पण लग्नानंतर सासऱ्यांच्या मागे लागून मी होडीत बसले, बसता बसता वल्हं हातात घेतलं, आणि मला त्या पाण्याची गोडीच लागली. दिवसभर रांधा, वाढा, उष्टी काढा. होडीत पाय ठेवला की मी माझी असते. आणि आता ती होडीच जाणार होती.

सासूबाईंचं मत सगळ्यांना पाठ होतं, बाईने वल्हं धरलं तर नदीसुद्धा हसेल. "बायल माणसान व्होडी व्हलवची? न्हंयेक सांगान ये, ती हसात."

रात्री जेवताना मी सासऱ्यांना सरळ विचारलं, "बाबा, होडी मला का देत नाही?"

त्यांनी भात कालवला, घास खाल्ला, पाणी प्याले. मग म्हणाले, "दांड्यार जा. तिसरे काढ. पाणी फिरच्या आदी परत ये. हिशोब तुझो, मोबाईल घरात. जमला तर रविवारी बघूया."

दांडा म्हणजे नदीच्या मधोमध असलेला वाळूचा पट्टा. ओहोटीला उघडा पडतो, भरतीला बुडतो. तिथल्या वाळूत तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या मिळतात. आणि हिशोब म्हणजे तिथीचा. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची. तितक्या वाजता नदी पूर्ण भरते, तिथून सहा तासांनी सुकती, म्हणजे पाणी उतरून थांबतं आणि फिरतं. सासऱ्यांच्या तोंडी पाऊणकीचा पाढा असा बसलेला की झोपेतून उठवून विचारा. हल्ली सगळं मोबाईलवर दिसतं, पण ते सांगितलं की म्हणतात, "मोबाईल पाण्यात पडलो तर न्हंय थांबता काय?"

शुक्रवारी सासूबाईंची एकादशी होती. त्यांची एकादशी म्हणजे घरभर एकादशी. निस्त्याचा, म्हणजे मासळीचा वासही चालत नाही, मांजराला पण दूधभात. दुसऱ्या दिवशी मात्र सगळ्यांच्या जिभेला पाणी सुटतं. म्हणून मी शनिवार धरला. मुलीची शाळाही अर्धा दिवस. काल एकादशी, म्हणजे आज द्वादशी. बारा पाऊणे नऊ. नऊ वाजता भरती, तीन वाजता सुकती. भिंतीवर कॅलेंडर होतं, पण मी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. घरात एकादशी चालती-बोलती असताना कॅलेंडर कोण बघतो?

एक वाजता नवऱ्याचं घड्याळ मनगटावर बांधलं आणि निघाले. अकरा वर्षांची मुलगी हट्टाने आली. तिला अजून पोहता येत नव्हतं, म्हणून सासूबाई पडवीतून ओरडत राहिल्या. "पोरीक तरी ठेय गो!" मी ऐकलं नाही. आमचा कुत्रा तर कुणाला विचारतच नाही, उडी मारून पुढे जाऊन बसला. त्याला नाव ठेवायचं राहूनच गेलंय. सासरे त्याला 'यो' म्हणून बोलवायचे, तो यायचा, तेच नाव पडलं. सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला की आधी याला एक उंडा, म्हणजे गोल पाव घालावा लागतो, मग माणसांचा चहा. आठ-नऊ वर्षं तो सासऱ्यांबरोबर नदीवर जायचा. आता नाकपुड्यांपाशी पांढरा झालाय.

दांड्यावर पोचलो. पाणी उतरत होतं, ऊन चांगलं होतं, पुलावरून गाड्या जात होत्या, आणि मी राणीसारखी खूश. ओल्या वाळूत बोटं खुपसली की तिसरी लागते, कधी एक, कधी चार एकत्र. मुलगी प्रत्येक तिसरीला ओरडायची, "आई, ही बघ केवढी!" यो खेकड्यांच्या मागे धावून शिंकत होता. वेताची पाटली भरत आली.

दोनला मी एक शहाणपण केलं. पाणी अजून तासभर उतरणार, होडी कोरड्यात अडकली तर आम्हा दोघींना ती ढकलवणार कशी? म्हणून ढकलत ढकलत ती थेट पाण्याच्या काठाला नेली आणि नांगर नुसता वाळूवर टाकला. रोवला नाही.

थोड्या वेळाने मुलगी म्हणाली, "आई, यो होडीत जाऊन बसला."

"बसू दे. म्हातारा झालाय, पाय दुखत असतील."

"पण तो भुंकतोय."

"मेल्याला भूक लागली असेल. तू हात चालव."

खरं सांगते, यो कधी होडीत जाऊन बसतो ते मला माहीत होतं. सासऱ्यांनी दहा वेळा सांगितलं होतं, पाणी फिरलं की हा आपणहून होडीत जातो. पण माझं डोकं घड्याळात होतं. घड्याळात अडीच, माझी सुकती तीनला. कुत्र्याचं ऐकायचं की बारा पाऊणे नऊचं?

मग पायाला थंड लागलं. खाली पाहिलं तर घोट्यापर्यंत पाणी. मान वळवली तर होडी तरंगत होती. नांगर वाळूवरून घसरत चालला होता, आणि यो होडीच्या टोकावर उभा राहून माझ्याकडे बघून बोंबलत होता. बघता बघता नांगरही उचलला गेला आणि होडी भरतीबरोबर वरच्या अंगाला निघाली.

होडीचं जाऊ दे, पोर माझी दांड्यावर उभी होती आणि दांडा बुडत होता. ती रडली नाही. त्यानेच मला जास्त रडू यायला लागलं.

दांड्याच्या उंच भागावर जाळं बांधायचा एक जुना खुंट आहे. तिला तिथे उभी केली. "याला मिठी मार. काही झालं तरी सोडायचं नाही. मी होडी घेऊन येते." तिने विचारलं, "आणि तिसऱ्या?" मी म्हटलं, "खड्ड्यात गेल्या तिसऱ्या!" आणि पाण्यात शिरले.

विहिरीत प्रवाह नसतो. नदीत तो पाय ओढतो. ओढणी गळ्यात गुंडाळली गेली, ती काढून फेकली. मी देवाला नवस बोलले नाही, तेवढी सवडच नव्हती. स्वतःलाच शिव्या देत हात मारत होते. होडी लांब जायची, यो भुंकायचा, मी त्या दिशेने जायचे. तोंडात खारं पाणी गेलं की दिसायचं बंद व्हायचं, पण त्याचं भुंकणं थांबलं नाही. शेवटी नांगराची दोरी हाताला लागली. यो वाकून माझे केस चाटायला लागला. "शिरा पडो तुझ्या तोंडार, आधी बाजूला हो!" त्याला म्हटलं आणि कशीबशी आत पडले.

मग बांबू घेतला. मधल्या प्रवाहाशी भांडले असते तर वरच जात राहिले असते. सासऱ्यांनी शिकवलेलं आठवलं, भरतीला कडेने चल, तळ लागेल तिथे बांबू रोव. तसं दांड्याच्या कडेकडेने मागे आले. मुलीच्या गुडघ्यांवर पाणी आलं होतं. एका हाताने तिने खुंटाला मिठी मारली होती, आणि दुसऱ्या हाताने डोक्यावर तिसऱ्यांची पाटली धरली होती. तिला आत ओढून घेतली आणि मी हमसून हमसून रडले. तिने मला थोपटलं. यो मधे घुसून दोघींना ओलं करून गेला.

घर दिसायला लागलं तेव्हा मुलगी हळूच म्हणाली, "आई, आजोबांना नको सांगायला. कोणी पाहिलंच नाही."

माझ्याही मनात तेच होतं. होडी धड, पोर धड, पाटली भरलेली. केस ओले म्हणजे आंघोळ केली म्हणता येईल. उद्या रविवार. एक थाप मारली की होडी माझी.

सासरे बांधावर काठी टेकून उभे होते. एवढ्या लांबचं त्यांना दिसत नाही, पण भुंकणं ऐकलं होतं.

"पाणी कितक्याक फिरला?"

मी तोंड उघडलं. तीनला, असं ओठावर आलं होतं. पण डोळ्यांसमोर तो खुंट आला आणि पोरीचे गुडघे आले.

"मला कळलंच नाही, बाबा," मी म्हटलं. "योला कळलं. होडी सुटली. पोरीला दांड्यावर ठेवून पोहत जाऊन आणली. मी द्वादशी धरली होती."

ते हळूहळू घरात गेले, कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि माझ्या हातात दिलं. त्यात एकादशी दोन दिवस होती. शुक्रवारी स्मार्त, शनिवारी भागवत. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या पहिली धरतात. म्हणजे शनिवार नदीच्या लेखी एकादशीच. अकरा पाऊणे सव्वाआठ. सुकती सव्वादोनला.

"सासू खंयची धरता ती बघू नको," सासरे म्हणाले. "न्हंय खंयची धरता ती बघ."

सासूबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी नातीला पोटाशी ओढलं, तिचे ओले केस पुसले. "म्हणजे माझ्या उपासान पोर बुडतली होती?" एवढंच त्या म्हणाल्या. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिसऱ्यांचं सुक्कं झालं, घरात कोणी नीट जेवलं नाही. मी होडीवर पाणी सोडलं.

रविवारी टेम्पो आला. दोन माणसं दोर घेऊन बांधावर उतरली. यो होडीत जाऊन बसला आणि कोणालाही हात लावू देईना. गेस्टहाऊसवाला सासऱ्यांना म्हणाला, "काका, कुत्र्याला बोलवा ना."

सासरे पडवीतून म्हणाले, "कुत्र्याक कित्याक? व्होडी सुनेची. तिका विचार."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते सुपारी कातरत होते. "चुकलंस," ते मान खाली घालूनच म्हणाले, "पण खोटा सांगूक नाय. चुकी मीयां पण केलंय, एकदा न्हय, चारदा. आता परत ती चूक तुज्यान जावची नाय." माझे डोळे भरून आले, आणि तोंडातून मात्र भलतंच निघालं. मी त्या गेस्टहाऊसवाल्याला म्हटलं, "होडी नाही, पण चहा घेऊन जा. उंडे गरम आहेत."

त्यालाही काही महिने झाले. आता मी आठवड्यातून दोनदा नदीवर जाते. मुलगी पोहायला शिकली. नांगर मी असा रोवते की नवरा म्हणतो, काढायला जेसीबी लागेल.

मागच्या महिन्यात कॅलेंडरवर परत दोन एकादश्या आल्या. आदल्या संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे सासूबाईंसाठी साबुदाणा भिजवला. सकाळी त्या आंघोळ करून, देवाला फूल वाहून स्वयंपाकघरात आल्या आणि सरळ पाट मांडून बसल्या.

"पेज वाढ गो."

"आई, आज एकादशी ना तुमची?"

"उपास फाल्यां." "उद्या?" मी विचारलं. त्यांनी ताट पुढे सरकवलं. "न्हंय फाल्यां धरता मगे? घरात एकच तिथ बरी."

बेचाळीस वर्षं त्या पहिली एकादशी धरत आल्या होत्या. त्यांच्या सासूने सांगितलेली. मी पेज वाढली, बाजूला आंब्याच्या लोणच्याची फोड ठेवली. वाढताना थोडी पेज खाली सांडली. "नीट वाढ," त्या म्हणाल्या, आणि जेवायला लागल्या.